कामीनोवर चालता चालता थेट चिलखतवाल्यांच्या जत्रेत घुसलो, हे नक्की काय होतं?

पायपीट_करणारी

आत्ता अस्तोर्ग्यात बसून टाइप करतेय, दोन्ही पाय बादलीत आहेत, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

मी आणि माझी आत्या (वय ६४, आळंदी ते पंढरपूर अकरा वेळा चालत, मी एकदाही नाही) स्पेनमध्ये कामीनोवर, म्हणजे सांतियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवर, लिऑनपासून सांतियागोपर्यंत चालतोय, साधारण ३१० किमी. फ्रान्सच्या हद्दीपासून पूर्ण केला तर ७८० च्या आसपास होतो पण तेवढी रजा कोण देतंय. लिऑनच्या बाहेर पडलं की वाट फुटते, एक हायवेला चिकटून जाते आणि दुसरी शेतांमधून मासारिफे गावावरून. आम्ही शेतातली घेतली. काल शनिवारी सकाळी मासारिफेहून निघालो, दोन्हीकडे पाटाचं पाणी आणि ढोपरापेक्षा खाली मका, रस्ता असा सरळ की पुढचा माणूस तासभर तेवढाच दिसतो.

साडेअकराच्या सुमाराला ढोल ऐकू यायला लागले. आत्या म्हणाली कुणाची तरी वरात दिसतेय. ओस्पिताल दे ओर्बिगो नावाच्या गावाच्या अलीकडे एक दगडी पूल लागतो, तो इतका लांब की मी कमानी मोजायला सुरुवात केली आणि वीसच्या जवळपास नाद सोडला, खाली नदी मात्र आपल्याकडच्या ओढ्याएवढी. आणि त्या पुलावर सगळीकडे पताका, लोक झगे घालून हिंडतायत, बायकांच्या डोक्याला पांढरे रुमाल, एक बाप लाकडी तलवार घेतलेल्या पोराला ओरडतोय आणि पुलाखालच्या मैदानात चक्क झूल घातलेले घोडे! आम्ही दोघी पाठीवर दहा-दहा किलोच्या बॅगा, बॅगेला वाळत घातलेले मोजे, अशा अवतारात त्या सगळ्यांच्या मधून चाललोय. कामीनोची वाट दाखवणारे पिवळे बाण पुलावरूनच जातात, त्यामुळे दुसरीकडून जायचा प्रश्नच नव्हता.

गावात गेलो तर रस्त्यावर गवत पसरलेलं, दोन्ही बाजूंना पालं, चीज, पाव, चामड्याच्या पिशव्या, एक लोहार भाता ऐरण सगळं मांडून बसलेला, एका माणसाच्या हातावर ससाणा. एटीएमवर गोणपाट टाकलं होतं म्हणजे ते "जुन्या काळात" दिसू नये, पण पैसे काढायला लोक गोणपाट वर करून आत डोकं घालत होते. मला ते एवढं आवडलं की मी त्याचाच फोटो काढला, घोड्याचा राहिला.

झोपायची जागा मिळाली नाही हे वेगळं सांगायला नको. आमचं बुकिंग होतं हो, पण तिथल्या माणसाने ते पुढच्या शनिवारचं लिहून ठेवलं होतं आणि आता गावात एकही पलंग नव्हता. मी रडकुंडीला आलेले, आत्या म्हणाली बॅगा कोपऱ्यात ठेवू दे म्हणावं, आधी घोडे बघू, मग चालू.

मग बघितलं. दोन घोडे समोरासमोर, मध्ये लाकडाचं कुंपण, भाले आडवे, आणि कडाड्कन आवाज. भाल्याचा तुकडा उडून आमच्या पुढ्यात पडला, आत्याने तो उचलला आणि अजून सोडलेला नाही.

आता प्रश्न. तिथल्या एका चिलखतवाल्याला (एका हातात सिगारेट, लोखंडी पंजा काखेत) मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं हे कधीपासून, तर तो म्हणाला १४३४. म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं ही जत्रा भरतेय? आत्याचा अजिबात विश्वास बसला नाही, तिचं म्हणणं की सहाशे वर्षांची जत्रा असती तर एखादा तरी म्हातारा माणूस वैतागलेला दिसला असता, इथे सगळेच खूश आहेत. कोणाला काही माहिती आहे का? आणि हे दरवर्षी असतं का, कारण माझा चुलतभाऊ पण यायचं म्हणतोय, त्याला मुद्दाम गाठायला सांगू की मुद्दाम टाळायला सांगू?

गडकोट_वेडा

नशीबवान आहात! लोक तारखा बघून जातात तिथे आणि तुम्ही मोजे वाळवत पोचलात.

तुमचा चिलखतवाला आणि तुमची आत्या, दोघंही बरोबर. १४३४ मध्ये जे घडलं ते खरंच घडलं, पण ते एकदाच. आत्ताची जत्रा १९९७ पासूनची, जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमाराला भरते.

मूळ प्रकार असा. सुएरो दे किन्योनेस नावाचा लिऑनकडचा सरदारपुत्र होता, पंचविशीतला. एका बाईच्या प्रेमात पडला आणि मी तिचा कैदी आहे याची खूण म्हणून दर गुरुवारी गळ्यात लोखंडी कडं घालायचा. (आपल्याकडे गुरुवारी उपास, याचं हे.) आता या कैदेतून सुटायचं तर खंडणी भरायला हवी, ती याने स्वतःच ठरवली, ३०० भाले मोडायचे. कॅस्टीलचा राजा दुसरा हुआन याच्याकडे जाऊन रीतसर परवानगी घेतली, नऊ साथीदार जमवले आणि या पुलाशी तळ ठोकला, १० जुलै ते ९ ऑगस्ट. येणाऱ्या प्रत्येक सरदाराने यांच्याशी भाल्याने लढायचं. लढायचं नसेल तर उजव्या पायाची टाच काढून ठेवायची, म्हणजे घोड्याला मारायची ती लोखंडी टाच, आणि पुढे जायचं. खानदानी बाई तिथून जात असेल आणि तिच्या बाजूने लढणारा कोणी नसेल तर तिने उजव्या हाताचा मोजा ठेवून जायचा. या सगळ्या अटी आधी लिहून काढून दरबारादरबारात दवंडी पिटवली होती. म्हणून तर "पासो ओनरोसो" म्हणतात, मानाची वाट समजा. पुलालाही तेच नाव आहे.

आणि तारखा बघा कशा निवडल्यात. २५ जुलैला संत याकोबाचा म्हणजे सांतियागोचा दिवस, तो मधोमध. शिवाय २५ जुलै ज्या वर्षी रविवारी येतो ते कामीनोचं पवित्र वर्ष आणि १४३४ तसं होतं. म्हणजे युरोपभरचे यात्रेकरू आणि त्यांच्याबरोबरचे सरदार याच पुलावरून जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. आषाढीच्या आधी दिवेघाटात कुस्त्यांचा फड लावल्यासारखं आहे हे.

शेवटी ३०० काही झाले नाहीत. ६८ सरदार आले, १६६ भाले मोडले, सुएरो आणि त्याचे बरेचसे साथीदार जखमी होऊन पडले, पंचांनी सांगितलं बास, खंडणी फिटली, आणि त्याच्या गळ्यातलं कडं काढलं. एक माणूस मेला, अस्बेर्त दे क्लारामुंत, आरागॉनकडून आलेला. भाला शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्यात गेला. चर्चने त्याला पवित्र जमिनीत पुरायला नकार दिला कारण असल्या खेळात मेलेल्याला ते चालत नव्हतं. तुम्ही जिथे टाळ्या वाजवल्यात तिथलीच गोष्ट आहे ही.

हे एवढं तपशिलात कसं माहीत, तर पेरो रोद्रीगेस दे लेना नावाचा लेखनिक रोज बसून सगळं टिपत होता, कोणाचा भाला कुठे लागला, किती फेऱ्या झाल्या, सगळं. आपल्या गडांबद्दल असा एक लेखनिक मिळाला असता तर मी नोकरी सोडली असती.

शंकासुर

म्हणजे १९९७ ला ग्रामपंचायतीने पर्यटक आणायला काढलेली टूम. ते लोक १४३४ सांगून पैसे काढणार आणि आपण "अहाहा युरोपने परंपरा कशी जपलीय" म्हणणार. भाले पण भेंडाचे असणार, बघा तुमच्या आत्यांकडचा तुकडा.

गडकोट_वेडा

@शंकासुर, भाल्यांचं बरोबर बोललात. असल्या खेळात बहुतेक ठिकाणी पुढचं टोक हलक्या लाकडाचं वेगळं बसवतात, ते मोडण्यासाठीच असतं, बाकीचा दांडा शाबूत राहतो. लोकांना आवाज पाहिजे, डोळा नको.

पण टूम म्हणाल तर १४३४ चीही टूमच होती ना. त्या काळी लढाईत भाल्यापेक्षा राजकारण जास्त चाललं होतं, कॅस्टीलमध्ये राजाचा लाडका कारभारी आल्वारो दे लूना विरुद्ध आरागॉनचे राजपुत्र असा उभा दावा, किन्योनेस घराणं लूनाच्या गोटातलं, आणि लढायला आलेल्यांत आरागॉनकडचे बरेच. प्रेमाचं कडं होतं, शंका नाही, पण बसायला मचाण, वाजंत्री, झेंडे, पंच, लेखनिक, गर्दीचा मोसम बघून ठरवलेली तारीख, हे सगळं स्वतःचं नाव करायला केलेलं होतं. दिखाव्याचा खेळ होता त्याचा परत दिखावा केला तर खोटं काय झालं त्यात? लढाईची नक्कल केली असती तर मी पण तुमच्या बाजूने आलो असतो.

पायपीट_करणारी

अरे बापरे तो माणूस मेला ते कोणीच सांगितलं नाही आम्हाला!

@शंकासुर, आत्याने तुमचा प्रतिसाद वाचून तुकडा नखाने दाबून बघितला आणि म्हणाली "हो, भेंडासारखंच आहे, या माणसाला कळतं." तुम्ही खूश व्हा.

पैसे काढण्याचं म्हणाल तर आमच्याकडून कोणी काही काढलं नाही. उलट एक गोष्ट सांगायची राहिली. झुंज सुरू व्हायच्या आधी एक माणूस उंच काठी घेऊन आला आणि ती वर केल्यावर सगळे ढोल थांबले. आत्या लगेच म्हणाली "चोपदार." वारीत चोपदाराने दंड वर केला की लाखभर माणसं गप्प होतात म्हणे, इथे हजार-दोन हजार असतील पण तीच गंमत. मग घोडे धावले, आणि सगळं संपल्यावर लोक पांगले तेव्हा ही बाई कुंपणाजवळ गेली, वाकली, घोड्याच्या टापांखालची माती चिमटीत घेतली आणि कपाळाला लावली. मी म्हटलं अगं आत्या हे रिंगण नाहीये. तर म्हणते "मला माहितीये, हात गेला."

शेजारी चीजवाली उभी होती, साठीची असेल, झगा मध्ययुगीन आणि पायात स्पोर्ट शूज. तिने बघितलं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने स्वतःच्या कपाळावर छातीवर क्रॉस केला आणि आम्हाला दोघींना चीजचा एक एक तुकडा कापून दिला, पैसे घेतले नाहीत.

आत्याचं नंतर रस्ताभर चालू होतं, की रिंगणात माउलींच्या घोड्यावर कोणी बसत नाही, तो मोकळाच पळतो, इथे मात्र घोड्यावर माणूस आणि माणसावर मणभर लोखंड, घोड्याचे हाल आहेत.

माद्रिदवाली_वहिनी

मी गेली बरीच वर्षं स्पेनमध्ये आहे, नवरा लिऑनकडचाच, त्यामुळे या गावी सासरच्या गोतावळ्यासकट दोनदा झगा घालून उभी राहिलेय, हसू नका. सुती झगा भाड्याने मिळतो आणि जूनच्या उन्हात त्यात जीव जातो.

पहिलं म्हणजे पुलाचं कोडं. एवढा पूल आणि एवढीशी नदी, कारण नदीच लहान झाली. वरच्या अंगाला बार्रियोस दे लूनाचं धरण १९५६ साली झालं, तोपर्यंत ओर्बिगो नदी पावसाळ्यात चांगली पसरायची. पाणी अडलं, कालव्यांनी शेतात गेलं, तुम्ही मक्याच्या कडेला पाट बघितलेत ना, आणि पुलाच्या निम्म्याअधिक कमानी कोरड्या पडल्या. ते मैदान कोरड्या कमानींना लागून आहे. पूल मुळात तेराव्या शतकातला पण मधे पुष्कळदा मोडला आणि बांधला, नेपोलियनच्या फौजा येतायत म्हणून काही कमानी मुद्दाम उडवल्या होत्या. त्यामुळे कमानी एकसारख्या नाहीत, नीट बघितलं तर काही टोकदार काही गोल.

गावाचं नाव "ओस्पिताल" का, तर सेंट जॉनच्या सरदारांनी यात्रेकरूंसाठी तिथे धर्मशाळा चालवली होती. म्हणजे ज्या गावाचं नावच धर्मशाळा तिथे तुम्हाला पलंग नाही मिळाला :) वाईट वाटलं पण हसूही आलं.

चुलतभावाला माझा सल्ला असा की गाठायचं असेल तर पुरतं गाठ नाहीतर शुक्रवारीच ओलांडून जा. गाठायचं असेल तर राहायची सोय कित्येक महिने आधी आणि फोन करून तारीख त्यांच्याकडून वदवून घे, शनिवार म्हणजे किती तारीख ते पण विचार. सरकारी आणि चर्चची अल्बेर्गे (यात्रेकरूंची वसतिगृहं) बहुतेक ठिकाणी बुकिंग घेतच नाहीत, जो आधी येईल त्याला पलंग, त्यामुळे अशा दिवशी दुपारी बारानंतर आशा सोडायची. अल्बेर्गेची दारं रात्री दहाला बंद होतात आणि स्पॅनिश जत्रेला रंग चढतो दहानंतर, हे दोन्ही एकत्र जमत नाही. रात्रीचं जेवण लांब टेबलांवर असतं, ते बघायचं तर हॉटेल घ्यावं लागेल. किंवा तुमच्यासारखं पुढे चालून बियारेस किंवा सांतिबान्येसला जाऊन झोपायचं, ते सगळ्यात शहाणपणाचं. आणि तो २०२७ मध्ये येणार असेल तर दुप्पट तयारी, ते पवित्र वर्ष आहे, २५ जुलै रविवारी.

ट्राउटचं सूप प्यायलात का? पाव, लसूण, पाप्रिका आणि नदीतला मासा, या गावाची खासियत आहे. आत्या माळकरी असतील तर सोडा.

पायपीट_करणारी

आत्या माळकरी, त्यामुळे तिचं सगळं पाव-चीज-टोमॅटोवर चाललंय. मी प्यायले. तिच्याकडे पाठ करून.

आणि हो आम्ही बियारेसलाच गेलो, अडीच-तीन किलोमीटर. पण ते अडीच किलोमीटर दुपारी चारच्या उन्हात होते. तिथे पोचलो तर अंगणात त्याच जत्रेतून पळालेले आठ जण बसलेले, एक डच आजोबा डोक्यावर लाकडी मुकुट घालून पाय धूत होते.

उंटावरचा_शहाणा

मी पोर्तुगालकडून येणाऱ्या वाटेवर चाललो होतो, पोंतेवेद्राला सेम झालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला "फेइरा फ्रांका" असते, अख्खं जुनं शहर १४६७ सालासारखं सजतं, राजाने महिनाभर बिनकराचा बाजार भरवायची परवानगी दिली होती त्याची आठवण. ती पण २००० पासूनची आहे. मला रात्री तीनपर्यंत बासरी ऐकू येत होती आणि सकाळी सहाला निघायचं होतं. टाळायला सांगा चुलतभावाला. किंवा इअरप्लग.

लोग्रोन्यो पण लक्षात ठेवा, ११ जूनला सान बेर्नाबे. १५२१ मध्ये फ्रेंचांचा वेढा पडला होता तेव्हा लोक नदीतले मासे खाऊन तगले, म्हणून त्या दिवशी मासा, पाव आणि वाइन रस्त्यात फुकट वाटतात. तिथे अडकायला माझी काही हरकत नाही.

शंकासुर

फुकट म्हटल्यावर माझा परंपरेवर विश्वास बसतो.

बाकी त्या सुएरोचं पुढे काय झालं? बाई मिळाली का?

गडकोट_वेडा

बाईचं नाव त्याने त्या वेळी उघड केलं नव्हतं, लोक लिओनोर दे तोवार सांगतात आणि लग्न तिच्याशीच झालं. खेळ संपल्यावर तो जखमा बऱ्या झाल्यावर सांतियागोला गेला आणि सोन्याचा मुलामा दिलेलं एक कडं तिथे वाहून आला. नवस फेडल्यासारखंच. ते अजून तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे, धाकट्या याकोबाचा (हा वेगळा संत) अर्धपुतळा आहे त्याच्या गळ्यात घातलंय. तुम्ही दोघी पोचलात की जरूर बघा, लोक मुख्य संताला मिठी मारायच्या रांगेत उभे राहतात आणि हे बघतच नाहीत.

शेवट मात्र वाईट. पुढे गुतिएरे दे किहादा नावाच्या सरदाराने त्याला मारलं, हा त्या खेळात याच पुलावर लढून गेलेला होता. वीसहून जास्त वर्षांनी.

माद्रिदवाली_वहिनी

@पायपीट, अस्तोर्ग्यात आहात तर कोसीदो मारागातो खाऊ नका असं नाही म्हणणार, पण तो उलटा वाढतात, आधी मांस, मग चणे-कोबी, सगळ्यात शेवटी सूप. माळकरी माणसाला मधले चणे मागून घेता येतील, पण शिजलेले असतात मांसाबरोबरच, विचारून घ्या. त्यापेक्षा चॉकलेट घ्या, गाव त्यासाठी जुनं प्रसिद्ध आहे.

आणि परवा-तेरवा क्रुस दे फेर्रो लागेल, उंच खांबावर लोखंडी क्रॉस, खाली दगडांचा ढीग. लोक घरून आणलेला दगड तिथे ठेवतात. आत्यांना सांगा भाल्याचा तुकडा तिथे ठेवायला, छान होईल.

पायपीट_करणारी

विचारलं. नाही म्हणाली. दगड तिने आणलाय, चंद्रभागेच्या वाळवंटातला, पेढ्याच्या डबीत ठेवलाय, मला आत्ता कळलं! तो ठेवणार. तुकडा नाही, तो डोंबिवलीला जाणार, शोकेसमध्ये, वारीच्या टाळांशेजारी. मी म्हटलं अगं ते १९९७ चं आहे, सहाशे वर्षांचं नाही. तर म्हणते कालचं आहे, काल मी बघितलाय मोडताना.

सध्या तो बॅगेच्या बाजूच्या दोरीत खोचलाय आणि त्यावर तिचे मोजे वाळतायत. घोड्याचा फोटो कोणाकडे असेल तर प्लीज टाका, माझ्याकडे फक्त एटीएम आहे.